मनाजोगता आकडा

आण्णा, स्टोअरनं गोट्यांची मागणी पुन्हा परत पाठवली. शेरा तोच जुना : "खेळाचे साहित्य प्रयोगशाळेस मंजूर करता येत नाही." तुम्ही असता तर तो कागद भिंतीला चिकटवून दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवला असता. मी मात्र चिडले. स्टोअरच्या साहेबांना फोन लावून चांगलं फैलावर घेतलं. फोन आपटल्यावर सवयीनं डावीकडे वळले, "बघा काय म्हणतोय हा शहाणा" असं सांगायला. तुमचं स्टूल रिकामं होतं. तुम्ही गेल्याला अजून महिनासुद्धा झाला नाही, माझ्या मानेला ते कळायला वेळ लागणारच.

हॉस्पिटलच्या वार्षिक अंकात तुमच्यावर पानभर लिहा, असं मला सांगितलंय. जन्म कधी, लष्करातून कधी सुटले, इथे कधी लागले, किती वर्षं सेवा. म्हटलं, ते सगळं ऑफिसातल्या फायलीत आहे, तिथून उतरवून घ्या. मला आण्णांशी बोलायचंय. थोडं भांडायचंही आहे, आणि एक कबूल करायचंय.

आधी गोट्यांचं. आपल्या तपासणीत नळ्या तासभर उकळत्या पाण्यात ठेवायच्या असतात. तोंडं उघडी ठेवली तर वाफ उडून जाते आणि आतला रंग उगाच दाट दिसतो. बूच घट्ट लावलं तर ते बंदुकीच्या गोळीसारखं उडतं. म्हणून प्रत्येक नळीच्या तोंडावर काचेची गोटी. वाफ गोटीला लागते, थंड होते, परत खाली येते. एवढी साधी गोष्ट. पण ती खरेदीच्या कुठल्याच यादीत बसेना. शेवटी तुम्ही उंब्रजच्या बाजारातून, खेळण्यांच्या गाड्यावरून पिशवीभर गोट्या घेऊन आलात. "गाडीवाला म्हनला, नातवंडं लय दिसत्यात. म्हनलं व्हय बाबा, मिरजेत हायत समदी."

मी वाईची. पहिल्या दिवशी कडक इस्त्रीची साडी, नवा एप्रन, नवी लेक्चररची पाटी असा थाट करून लॅबमध्ये आले, तेव्हा तुम्ही नळ्या धूत होता. मान वर न करता विचारलंत, "कुठल्या म्हनायचं म्याडम?" वाई म्हटल्यावर म्हणालात, "शास्त्रीबुवांचं गाव. मग वाद घालायला बरं." मला वाटलं, म्हातारा उद्धट आहे. तुम्हाला काय वाटलं ते तुम्ही पुढे वर्षभरानं सांगितलंत : "मला वाटलं, ही पोरगी काय टिकत न्हाई. एप्रनला एक डाग न्हाई हिच्या."

उंब्रजचे शेतकरी, लष्करी दवाखान्यात रक्त तपासता तपासता हवालदार झालेले, पेन्शन घेऊन मग आमच्याकडे आलेले. सोमवारी सकाळच्या एसटीनं यायचं, शनिवारी परत. मधले दिवस सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीतल्या त्या खोलीत, जिथे अंगावर लाकडाचा भुसा पडल्याशिवाय जिना चढता येत नाही. हे सगळं मला हळूहळू कळलं. आधी कळलं ते एवढंच, की पुस्तकात जे मला दहा ओळींत कळत नाही ते तुम्ही डब्याचं झाकण उघडून दाखवता.

आठवतं? पोरांना मी 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' शिकवत होते. व्हायरस फुप्फुसात शिरतो, आपल्या पेशी त्याला मारायला तीव्र रसायनं सोडतात, ती जादा झाली की आपल्याच पेशींच्या आवरणातली चरबी बिघडवतात, तिचे तुकडे रक्तात येतात, ते आपण मोजतो. फळ्यावर बाण काढले, चौकोन काढले. पोरांच्या तोंडावरची माशी हलेना. तुम्ही मागून आलात आणि आदल्या आठवड्याचा शेंगदाण्याच्या कुटाचा डबा पहिल्या बाकावरच्या पोराच्या नाकाशी धरलात.

"काय वास येतोय?"

"खवट, आण्णा."

"त्येच. दाण्यातलं तेल हवेनं बिघाडलं की कूट खवाट हुतं. मान्साच्या आंगात बी तेल हाय. ताप चढला, न्यूमोनिया झाला की त्ये खवाट व्हाय लागतं. म्याडम त्येच मोजत्यात. लय खवाट आसंल तर नळी लय गुलाबी."

पोरं हसली आणि त्यांना कळलं. तो सबंध अध्याय पोरांनी परीक्षेत बरोबर लिहिला. एकानं तर उत्तरात "उदा. कूट" असं लिहिलं होतं, आणि मी त्याला पूर्ण गुण दिले. वर्गानंतर मी तुम्हाला म्हटलं होतं, माझ्या तासात मध्ये येत जाऊ नका. खरं तर मला जळफळाट झाला होता. इतकं सोपं मला का सुचलं नाही, याचा.

मग करोना आला आणि आपल्या वॉर्डातल्या खाटा भरल्या. माझा पीएच.डी.चा विषयच हा : श्वसनाच्या विषाणूनं आजारी पडलेल्यांच्या रक्तात ही खवटपणाची खूण किती वाढते. रुग्णांचं रक्त वॉर्डातून यायचं. तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त हवं, ते मी आपल्याच लोकांचं घेतलं. क्लार्क, ड्रायव्हर, ग्रंथालयातल्या ताई. खुर्चीत बसवायचं, रक्त काढायचं, आणि तीन पावलांवरच्या यंत्रात लगेच गरगर फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं करायचं. कित्येक महिने आपण दोघं नळ्या उकळत होतो. आणि काय सुरेख आकडे आले हो! रुग्णांच्या नळ्या जास्वंदीसारख्या, निरोग्यांच्या जेमतेम गुलाबी. आंधळ्यालासुद्धा फरक दिसावा. सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, म्हणाले, लिहायला घ्या, उशीर करू नका. मी साताऱ्याहून कंदी पेढे मागवले आणि सगळ्या विभागाला वाटले.

तुम्ही पेढा घेतलात, हातातच धरलात आणि विचारलंत, "म्याडम, वॉर्डातलं रगात कवा काढत हुते?"

"सकाळी. राउंडच्या वेळी."

"आन् आपल्याकडं कवा येत हुतं?"

उत्तर मला माहीत होतं. वॉर्डात गेलेलं माणूस ते सगळं किट चढवून आत जायचं, आणि पाळी संपल्यावरच किट उतरवून बाहेर यायचं. सगळ्या नळ्या एका डब्यात जमायच्या, डबा खिडकीशी ठेवला जायचा, आणि दुपार झाल्यावर आपल्याकडे यायचा. वॉर्डातल्या कुणाचीच चूक नव्हती. एका डब्यासाठी किट उतरवून बाहेर कोण येणार? पण रुग्णांचं रक्त तासन् तास तसंच पडून असायचं आणि निरोग्यांचं मिनिटात फिरायचं. तीन पावलांवर यंत्र असलेली माणसंच अशी चूक करू शकतात.

"डबा उगडा ऱ्हायला की कूट खवाट व्हनारच," तुम्ही म्हणालात. "त्यात शेंगंचा काय दोष? ह्यो रंग आजाराचा किती आन् खिडकीचा किती, कसं सांगायचं?"

आण्णा, मी त्या वेळी जे बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. चार माणसांसमोर बोलले. "तुम्ही नळ्या फिरवा, आण्णा. अर्थ लावायला मी आहे."

तुम्ही पेढा कागदात गुंडाळलात, खिशात टाकलात आणि बेसिनकडे गेलात. सगळे इकडेतिकडे बघायला लागले. मला वाटलं, बरं झालं, जागा दाखवली. घरी जाऊन जेवले मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी आले तर तुमच्या दंडाला कापूस. आपलंच रक्त काढून पाच नळ्यांत भरलं होतंत. एक लगेच फिरवली, बाकीच्या खिडकीशी, तशाच डब्यात. दर तासाला एकेक फिरवत होतात. मला काही म्हणाला नाहीत, मीही विचारलं नाही. दुपारी पाचही नळ्या स्टँडमध्ये लावून माझ्या टेबलावर ठेवल्यात आणि चहाला निघून गेलात. पहिली फिकट, शेवटची चांगलीच रंगलेली. माणूस तोच, धडधाकट, सकाळी दोन भाकऱ्या खाऊन आलेला. वेळ सोडून काहीही बदललं नव्हतं.

मी त्या नळ्यांकडे बघत बसले. डोक्यात शिव्या चालू होत्या, आधी तुम्हाला आणि मग मला. प्रबंध लिहायचा तेवढा उरला होता. कुणाला कळलं नसतं. सरांना नाही, परीक्षकांना नाही. तुम्हीही कुणाजवळ बोलला नसता, एवढी तुमची खात्री होती मला, आणि त्यानंच जास्त लाज वाटली. चहाहून परत आलात तेव्हा मी एवढंच म्हटलं, "पहिल्यापासून करावं लागेल." तुम्ही म्हणालात, "करू की. त्याला काय झालं?" जसं काही मी खिडकी उघडायला सांगितली होती.

आणि तुम्ही केलंत ते मी अजून कुणाला करताना पाहिलेलं नाही. अडगळीतलं जुनं छोटं यंत्र काढलंत, त्याला तेल घातलंत, आणि वॉर्डाच्या दाराशी, जिथे स्ट्रेचर उभे करतात तिथे टेबल टाकून बसलात. रक्त काढलं की सिस्टरनं काचेतून खूण करायची, तुम्ही नळी घ्यायची, तिथेच फिरवायची. तुमचं वय, तुमची शुगर. मी ओरडले, तुमच्या घरच्या काकूंनी गावाकडून फोन करून ओरडून घेतलं. किटमध्ये घामानं निथळत होतात आणि म्हणत होतात, "लष्करात तंबूत रगात तपासलंय म्याडम, खाली बर्फ, वर ताडपत्री. हितं तर पंखा हाय." तो पंखा फिरत नव्हता, आण्णा. मी बघून आले होते.

तेव्हाच रजिस्टरात तुम्ही लाल पेनानं पट्टी धरून एक नवा रकाना आखलात : रक्त काढल्याची वेळ. छापील रजिस्टरात तो नव्हता. प्रत्येक पानावर हातानं आखलात. आणि एक नियम घातलात, तो मलासुद्धा लागू : ज्यानं नळी बघितली त्यानंच आकडा लिवायचा, दुसऱ्याच्या तोंडचा लिवायचा न्हाई. आणि दुसरा नियम, जो मी आता माझ्या पोरांना पहिल्या तासाला सांगते : "मनाजोगता आकडा आला की परत करायचं. नको त्यो आला तर मानूस आपसूक परत करतंय. हवा त्यो आला की गडी पेढं वाटतंय."

हा टोमणा होता, मला कळलं होतं.

नवे आकडे आले. फरक होता, पण पहिल्याच्या मानानं बेताचा. जास्वंद नाही, फार तर कण्हेर. माझं तोंड पडलं. सरांचंही पडलं. तुम्ही मात्र सोमवारी येताना पेढ्यांचा पुडा घेऊन आलात, सगळ्यांना वाटलात, आणि सगळ्यांसमोर स्वतः एक तोंडात टाकलात. "आता खातो. ह्यो फरक आजाराचा हाय, खिडकीचा न्हाई." मी विचारलं, त्या दिवशीच्या पेढ्याचं काय केलंत? "घरमालकाच्या नातीला दिला. म्हनलं माझ्या खिशात खवाट व्हईल." मी हसले, तुम्ही हसलात, आणि माफी मागायची ती वेळ तशीच निघून गेली. वाटलं, मागू कधीतरी. तुम्ही रोज समोर होता ना.

आपला वाद मात्र मिटला नाही. मी म्हणायचे, हा खवटपणाच आजार वाढवतो, फुप्फुस यानंच बिघडतं. तुम्ही मान हलवायचात. "म्याडम, गुलाबी रंग म्हंजी धूर. आग लागलीया एवढं धूर सांगतो. कुनी लावली, कशानं वाढली, त्ये धूर न्हाई सांगत." मी म्हणायचे, मग आवळे कशाला खाता दिवसभर? खिशात कायम आवळा. "उसाचं पाचट वलं ऱ्हावं म्हनून. वलं पाचट लवकर पेटत न्हाई." मी पुस्तक उघडून दाखवायचे की आवळ्यानं न्यूमोनिया बरा झाल्याचं कुणी नीट सिद्ध केलेलं नाही. तुम्ही म्हणायचात, "मी कुटं म्हनलं बरा हुतो? मी म्हनलं, मला आवाडतो." असा माणूस वादात सापडणार कसा? धुराचं मात्र तुमचंच बरोबर निघतंय असं दिसतं. मी अजून कबूल केलेलं नाही, इथेही करत नाही. अजून वाचतेय.

एक राग आहे, तो सांगून टाकते. शोधनिबंध छापून आला तेव्हा तुमचं नाव लेखकांत नव्हतं, शेवटी आभारात होतं. सर म्हणाले, टेक्निशियनचं नाव आभारातच असतं, तशी पद्धत आहे. मी एकदा म्हणून बघितलं आणि गप्प बसले. ज्या माणसानं तो निबंध खोटा होण्यापासून वाचवला त्याच्यासाठी मला दोनदा भांडता आलं नाही, आणि स्टोअरवाल्याशी गोट्यांसाठी मी चारदा भांडते. तुम्ही त्या आभाराच्या पानाची झेरॉक्स काढून गावी नेलीत. निबंध इंग्रजीत, त्यात तुमचं नाव. "भावकीत दावतो," म्हणालात. तुमचा आनंद बघून मला बरं वाटायला हवं होतं. मला तुमच्याकडे बघवेना.

या हिवाळ्यात आपण दुसरं काम काढलं, फ्लूच्या रुग्णांचं. तुमची मुदतवाढही संपत आली होती. "ह्येवडं करतो आन् ऊस बघाय जातो," म्हणत होतात. मग एका सोमवारी आलात ते खोकतच. मंगळवारी ताप. बुधवारी मीच हाताला धरून वॉर्डात नेलं, कारण चार पायऱ्या चढून तुम्ही कठडा धरून उभे राहिलात, आणि तुम्ही कधी कठडा धरत नाही.

त्या खाटेवरही तुम्ही तुम्हीच. आमच्या अभ्यासाचं संमतिपत्र आजवर कुणी पुरतं वाचलं नव्हतं. तुम्ही ऑक्सिजनचा मास्क लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंत आणि मला बोलावून घेतलंत. "किती डाव रगात घेनार त्ये ह्यात लिवलं न्हाई. लिवा, मग सही करतो." मी पेनानं लिहिलं, मग सही केलीत.

गुरुवारी तुमची नळी खाली आली. सिस्टर स्वतः घेऊन आल्या, जवळजवळ पळत. नळीवर वेळ लिहिलेली होती, आणि अक्षर तुमचं होतं. थोडं हललेलं, पण तुमचंच. "आण्णांनी पेन मागून घेतलं," सिस्टर म्हणाल्या, "म्हणाले, वेळ मी लिवतो, तुमी पळा."

मी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः फिरवली, स्वतः उकळली, गोटी ठेवली. नळी बाहेर काढली आणि रंग मोजायच्या यंत्रात घालायच्या आधीच मला कळलं. आण्णा, इतक्या वर्षांत तुमचा आणि माझा डोळा एकाच रंगावर तयार झालाय. गडद नळीवाले सगळेच जात नाहीत, आणि एका नळीवरून काही ठरत नाही, हे तुम्हीच मला हजारदा सांगितलंय. पण जे गेले त्यांच्या नळ्या आपल्याला आठवत होत्या. तुम्हालाही आणि मलाही.

वर आले. काकू गावाहून येऊन पायाशी बसल्या होत्या. तुम्ही मास्क बाजूला केलात.

"किती गुलाबी?"

"फिकट आहे, आण्णा. बराच फिकट."

"गोटी ठिवली हुती?"

"हो."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. दम लागत होता, तरी बोललात. "मनाजोगतं आलंय म्हंजी. परत करा."

मी खाली येऊन खरंच परत केलं. तुमच्या रक्ताच्या उरलेल्या पिवळ्या पाण्यातून पुन्हा नळी लावली, तासभर बसून राहिले. देवाला सहसा काही मागत नाही मी, पण त्या तासात वाईच्या घाटावरच्या गणपतीपासून सगळ्यांना साकडं घालून झालं. दुसऱ्यांदाही तेच. मी रजिस्टर उघडलं, तुमच्या नावाची ओळ काढली, काढल्याची वेळ भरली आणि आकड्याची जागा रिकामी ठेवली. ज्यानं बघितलं त्यानं लिहायचं. मी बघितलं होतं आणि मला लिहिता येईना. म्हटलं, उद्या वर जाऊन खरं सांगेन, मग लिहीन. शुक्रवारी सकाळी गेले तेव्हा तुम्हाला घशात श्वासाची नळी घालून, औषधानं झोपवलेलं होतं. शनिवारी, तुमच्या एसटीच्या दिवशी, तुम्ही गेलात.

ज्या माणसासमोर मी कधी एक खोटा आकडा लिहू शकले नाही, त्याला त्याच्याच रक्ताचा खोटा आकडा सांगितला. हे मला छळत होतं. तुम्ही फसलात की काय, माझ्यावर विश्वास ठेवून निर्धास्त झोपलात की काय, असं रोज वाटायचं. आणि फसला असाल तर बरंच, असंही वाटायचं. दोन्ही वाटायचं.

तेराव्याला उंब्रजला आले. हायवेवरून आत वळलं की तुमचं घर, तुम्ही सांगितलं होतंत तसंच. सोप्यात तुमचा लष्करी पोशाखातला फोटो, आणि शेजारी काचेच्या चौकटीत ती झेरॉक्स. आभाराचं पान. कुणीतरी तुमच्या नावाखाली लाल रेघ मारली होती, पट्टी धरून. ती कुणी मारली ते विचारावं लागलं नाही.

काकूंनी मला आत नेलं, ताट वाढलं, आणि पदराला हात पुसत समोर बसल्या. "म्याडम, एक इचारू का? तुमी त्या दिशी खाली गेल्यावर हे मला म्हनलं, 'लय गुनाची पोर हाय गं. आजून खोटं बोलाय येत न्हाई तिला.' आन् हसलं. मला काय उमागलं न्हाई. काय झालं हुतं ओ?"

घास माझ्या हातातच राहिला. त्या चार दिवसांत आणि नंतरच्या सगळ्या दिवसांत मी जेवढी रडले नव्हते तेवढी तुमच्या स्वयंपाकघरात रडले. काकू घाबरल्या, पाणी आणलं, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "काय न्हाई काकू," एवढंच म्हणता आलं. तुम्हाला कळलं होतं. माझ्या तोंडाकडे बघून तुम्ही आकडा वाचलात आणि मला काही कळू दिलं नाहीत. उलट खाली परत करायला पाठवलंत, तुमच्याच नियमानं. आणि मी परत केलं असणार, हेही तुम्हाला ठाऊक असणार.

तर आण्णा, आधी ते राहिलेलं. तुम्ही नळ्या फिरवा, अर्थ लावायला मी आहे, असं मी चार माणसांसमोर म्हटलं होतं. अर्थ तुम्हीच लावलात. मी चुकले होते, मला माफ करा. हे अंकात छापून येईल, म्हणजे त्या चौघांनाही वाचता येईल. आणि फ्लूच्या निबंधावर तुमचं नाव लेखकांत राहील. सरांना मी सांगितलंय, विचारलं नाही. ते काही बोलले नाहीत. बोलले तर दुसऱ्यांदा भांडेन.

आत्ता लॅबमध्ये बसूनच लिहितेय. गोट्या मीच मागवल्या, उंब्रजच्याच बाजारातून, तुमच्या मुलानं पाठवल्या. रजिस्टर समोर आहे, तुम्ही आखलेल्या लाल रकान्यात तुमच्या नळीवरची वेळ आहे. पुढची जागा मघाशी भरली आणि खाली सही केली.

फिकट नव्हतं, आण्णा. गडद होतं. दोनदा केलं, गोटी ठेवून.